गयाबाईनं कूलर बंद केला ती दुपार

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, मयतीच्या पत्राचा फाडतात तसा, त्यामुळे वाचायच्या आधीच अर्धं कळलं. पोस्टमननं ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा माझ्या हातात एकाचं ड्रेसिंग होतं. ते संपवलं, हात धुतले, पुसले, आणि मग खुर्चीवर बसून वाचलं. झरीजवळच्या एका वस्तीवरून आलेलं, शाळेच्या गुरुजींच्या गोल अक्षरातलं. ‘आमची बहीण गया काविळीच्या आजाराने वारली. आपणास कळावे. निवृत्ती.’ वर घातलेली तारीख पाहिली तर बारा दिवस होऊन गेले होते. जानेवारीतले ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झालेला, कुठं मिरवणुका, कुठं दगड, एस.टी.च्या गाड्या मध्येच चालू, मध्येच बंद… त्या सगळ्यात एक पोस्टकार्ड कुठल्यातरी थैलीत पडून राहिलं. ती गेली त्या दिवशी मी काय करत होते, हे मी माझ्या रोजच्या यादीचे कागद काढून पाहिलं. त्या दिवशी लिहिलं होतं: गॉज कापणे, दिव्याची काच पुसणे, नवीन स्पिरिट आणणे. तिन्हींवर बरोबरची खूण होती. दिवस नीट पार पडला होता.

परभणीच्या एका त्वचारोग डॉक्टरांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं सिस्टर आहे. पेशंट येतात, बरे होतात, आपल्याला विसरतात. आपणही विसरतो, नाहीतर पुढचं काम होणार नाही. गयाबाईचं तसं झालं नाही. काविळीनं गेली हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की कातडीनं नाही गेली… आणि क्षणभर मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. माणूस गेलं ते गेलंच. पण ज्याच्याशी आम्ही दोघी मिळून झगडलो त्यानं तिला नेलं नव्हतं, एवढं तरी कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटत राहिलं. आता सहा-सात आठवडे झाले. यादी करून लिहायला बसले, तर तिच्या आठवणी काही एकाखाली एक उभ्या राहीनात. दुपारच्या झोपेतून जाग येताना जशा गोष्टी दिसतात, तशा त्या येतात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा भावाचा हात धरून आली. किंवा भाऊ तिचा हात धरून आला. कोण कुणाला चालवत होतं हे सांगणं कठीण होतं. दोघंही जन्मापासून भुरे. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या-पिवळसर, कातडी गुलाबी, आणि डोळे उजेडात सारखे थरथरणारे. ज्यांच्या कातडीत रंगच तयार होत नाही त्यांना ऊन म्हणजे रोजचं भाजणं असतं, आणि ही तर मजुरी करणाऱ्या घरातली लेकरं. सगळं लहानपण ढोरांच्या मागं आणि कापसाच्या ओळींत गेलेलं. चाळिशी ओलांडल्यावर ते जुनं ऊन कातडीवर उगवून आलं होतं. तिच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली, खरखरीत तांबूस चट्टे. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, तसाच एक चट्टा, पण जाड आणि खवल्याखवल्यांचा. असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सरच्या उंबऱ्यावर येऊन बसलेली कातडी. कधी वर्षानुवर्षं तिथंच बसून राहते, कधी एका पावसाळ्यात आत शिरते.

भावाचं नाव निवृत्ती. मी त्यांना दादा म्हणायची. एका जिनिंग फॅक्टरीत ते कापसाची प्रत ठरवत. दोन हातांपलीकडचं त्यांना धड दिसत नसे, पण कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, अंगठ्यानं हळूच ओढायचा, आणि धागा किती लांब, किती ओला, काळ्या रानातला की मुरमाड, हे डोळे मिटून सांगायचं. गाडीवाले शेतकरी त्यांचा शब्द मानत. “जिनिंगीत मला खुर्ची हाय,” हे त्यांनी पहिल्या भेटीत नाव सांगायच्या आधी सांगितलं होतं. त्या चट्ट्याबद्दलही त्यांचं ठरलेलं मत होतं. “हे नामांतराच्या मोर्चात झालं. दिवसभर झेंड्याची काठी ह्याच हातात व्हती.” डॉक्टर नुसते हसले होते. सर्जनना दाखवून झालं होतं. खोलवर काढावं लागेल, म्हणाले. अंगठा राहील, पण वळेल की नाही सांगता येत नाही. जूनमधली एक तारीख देऊन ठेवली होती. दादा हे सगळं ऐकताना छताकडे बघत होते. बोलली ती गयाबाई. “सायब, माझं काय बी हू द्या. मी खुरपं डाव्या हातानं बी चालवीन. पर दादाचा आंगठा गेला, तर त्याचे डोळेच गेले बघा.”

डॉक्टरांचे एक वर्गमित्र परदेशात एका नव्या उपचारावर काम करत होते. त्यांनी औषधाची एक छोटी बाटली पाठवली होती. ते औषध मलमात कालवून चट्ट्यावर लावायचं, उजेड लागू नये म्हणून वर चंदेरी कागद आणि काळं फडकं बांधायचं, आणि चार तास थांबायचं. तेवढ्या वेळात बिघडलेली कातडी त्या औषधातून स्वतःच्याच आत एक द्रव्य तयार करते, जे उजेडाला भिऊन असतं. मग त्यावर लाल प्रकाश सोडला की ते पेट घेतं आणि बिघडलेली कातडी त्यात जळून जाते. शेजारची चांगली कातडी बहुतेक तशीच राहते. डॉक्टरांनी हे दोघांना तीन वेळा समजावून सांगितलं. नवीन आहे, मी स्वतः पहिल्यांदाच करतोय, उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं. लाल प्रकाशासाठी आमच्याकडे होता एक जुना स्लाइड प्रोजेक्टर, पुढं लाल काच लावलेला. गयाबाईनं तो चाचपून पाहिला आणि विचारलं, “ह्याच्यात शिनेमा दिसतो का?”

एप्रिल संपत आला होता. परभणीचा एप्रिल म्हणजे काय ते परभणीकरांना सांगायला नको. दोन उन्हाळे डॉक्टरांच्या मागं लागून मी बाहेरच्या हॉलमध्ये एक कूलर बसवून घेतला होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्याच्यासमोरच्या खुर्चीवर कुणी बसायचं ते मी ठरवायची. म्हातारं माणूस, लांबून आलेलं माणूस, ज्याला फार वेळ थांबायचं आहे असं माणूस. त्या दिवशी पाथरीकडचे एक पाटीलमामा नेहमीसारखे त्या खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, “मामा, आज ही खुर्ची यांची. चार तास बसायचंय त्यांना.” दादांनी ते ऐकलं. बसताना त्यांनी सदरा सारखा केला आणि पाठ अशी ताठ केली, जसा फोटो काढायचा आहे. औषध लावलेला हात मांडीवर, आणि समोरून वाळ्याचा वास घेऊन येणारं गार वारं. मला फार समाधान वाटलं होतं. आपण एक गोष्ट नीट केली, असं.

गयाबाईला मात्र कूलर मानवला नाही. “त्या मशीनीचं वारं कानात भरायलंय,” म्हणाली, आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या खोलीत आली, जिथं मी स्टोव्हवर सुया-सिरिंजा उकळत असे. त्या खोलीला खिडकी नाही. अंधार, वाफ, आणि भट्टीसारखी ऊब. तिच्या डोळ्यांना तो अंधार बरा वाटला. खाली बसली, बांधलेला हात पदराखाली घेतला, आणि चार तास बोलत राहिली. मी कामाची बाई, मला कुणाशी गप्पा मारत बसायची सवय नाही. पण त्या खोलीत तिचा आवाज आणि पाण्याचा खदखदणारा आवाज एकात एक मिसळून गेला होता…

“काय लिहायलाव बाई सारखं?”

“यादी. दिवसभरात काय काय करायचं त्याची.”

“अन् लिहिलं न्हाई तर करत न्हाईत व्हय तुमी?”

“विसरतं माणूस.”

“आमी लिहीत न्हाई, तर आमाला इसराया बी येत न्हाई.” आणि खुदकन हसून, “माझं नाव कितव्या लंबरावर हाय?”

“चौथ्या.”

“अन् दादाचं?”

“तिसऱ्या.”

“बराबर हाय. थोरला हाय त्यो. खोडू नका.”

चार तासांनी दोघांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. नायटे, चट्टे तपासायचा एक जांभळा दिवा आमच्याकडे होता. त्याखाली ते उजेडाला भिणारं द्रव्य तांबडं चमकतं. डॉक्टरांनी गयाबाईच्या हातावर तो धरला आणि मी माझ्या आयुष्यात तसलं काही पाहिलं नव्हतं. राखेखालच्या गोवरीवर फुंकर मारावी तसे तिचे चट्टे फुलले, गुलाबी, मग तांबडे. दादांच्या हातावर धरला. तिथं काहीतरी होतं, पण असं, जसं धुक्यात लांबवर कुणी बिडी ओढतंय. “हाताची कातडी जाड असते, त्यानं असेल,” डॉक्टर पुटपुटले. मग लाल प्रकाश. गयाबाई पहिल्या मिनिटाला ओरडली, “आई गं, मिरच्या चोळल्या का काय!” मी ओलं फडकं तिच्या हातावर धरायला गेले, तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, सोसंल.” दादा मात्र पूर्ण वेळ शांत बसले. उठताना म्हणाले, “मला काईच झालं न्हाई.” बहिणीपेक्षा आपण किती घट्ट, याचा थोडा अभिमानच होता त्यात. आम्हालाही वाटलं, माणूस सोशीक आहे. जाताना गयाबाईनं त्यांचा हात धरला आणि दारातच थबकली. “दादा, तुझा हात लय गार पडलाय की रं.” मी ते ऐकलं. पण तेव्हा ते माझ्या कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

महिन्यानं दोघं परत आले. तिच्या हातावर नवी, गुळगुळीत, लेकराच्या गालासारखी कातडी आली होती. दादांचा चट्टा होता तिथंच होता, कदाचित अजून थोडा जाड. डॉक्टर बराच वेळ भिंग धरून बसले. बाटलीत औषध उरलं होतं ते एका अंगठ्याएवढ्या जागेला पुरेल इतकंच. सर्जननी दिलेली तारीख पंधरा दिवसांवर आली होती. दादा उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होते, कापूस नसताना कापूस ओढत होते… मग गयाबाई म्हणाली, “सायब, एक बोलू का? औषध एकच, दिवा एकच, आई-बाप बी एकच. मग फरक कशात हाय? मी बाईसंग चुलीपाशी बसले व्हते. माझा हात तापलेला व्हता. दादाचा हात धरला तं माझ्या अंगावर काटा आला, इतका गार. माझं औषध जागं व्हतं सायब. दादाचं झोपलं व्हतं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशीचा कागद काढला. नाव, औषध लावल्याची वेळ, दिव्याची वेळ, आणि शेवटी, हाक मारायला सोपं जावं म्हणून मी लिहिलेलं: गयाबाई, मागची खोली. निवृत्तीदादा, कूलरसमोर. माझ्याच अक्षरात. डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन वाचला. हळूच म्हणाले, “बरोबर आहे. शरीराचं कुठलंही काम उबेनं होतं. कातडीनं ते द्रव्य तयार करायचं, आणि आपण कातडीच गार करून ठेवली.” सगळ्यात चांगली जागा मी दिली होती. मामांना उठवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं ठरलं. दोघं झरीहून पहिल्या गाडीनं आले. मी औषध लावलं, काळं फडकं बांधलं, आणि डॉक्टर म्हणाले, “निवृत्ती, आज तुम्ही मागच्या खोलीत बसा. तिथं ऊब आहे.”

दादा जागचे हलले नाहीत. “मागं?”

“म्हणजे आत हो. स्टोव्हपाशी.”

“सायब,” ते म्हणाले, आवाज अजिबात चढवला नाही, “शाळेत मागं बसलो. पंगतीत मागं बसलो. जत्रंत बी मागंच हुबा राहिलो. बाईनी त्या दिशी पाटलाला उठवून मला पुढं बसवलं, म्हणून मी पुन्हा आलो. बरा हुईन तर पुढं बसूनच हुईन. न्हाई झालो तर न्हाई.” आणि ते कूलरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

डॉक्टरांनी समजावलं. मी समजावलं. मी तर अंगठ्याचं भयही घातलं, जे घालायला नको होतं. दादा समोर बघत बसून राहिले. हॉलमध्ये दहा-बारा पेशंट होते, पाटीलमामाही होते, आणि सगळे ऐकत होते. मला कळत होतं की या माणसाला आपण काही चुकीचं सांगत नाही आहोत, आणि तरी आपण त्याला ‘मागं जा’ असंच म्हणतो आहोत. यावर काय करायचं हे कुठल्या यादीत लिहिता येत नाही. तेवढ्यात गयाबाई उठली. एक हात पुढं करून, वाऱ्याच्या दिशेनं, जशी कुणी नदीच्या आवाजाकडे जावं तशी ती कूलरपर्यंत गेली. कूलरवर हात फिरवत वायर शोधली, वायरीवरून भिंतीवर, भिंतीवरून बटणावर. आणि बटण दाबलं.

कूलरची पाती हळूहळू थांबली. “दादा उठणार न्हाई,” ती म्हणाली. “अन् उठू बी नये त्यानं. बस रं तू पुढंच. किती बसायचं तितकं बस.”

“अगं ए बाई!” पाटीलमामा ओरडले. “मशीन कामून बंद केली? जीव जायलाय इथं!”

“मामा, माझ्या भावाचा आंगठा उबवायला ठिवलाय. कोंबडी उठली की अंडं गार पडतंय. चार तास सोसा, पिल्लू निघालं की दाखविते तुमाला.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मामांनी उपरणं काढलं, झटकलं आणि त्यानं वारा घेत म्हणाले, “तिच्यायला, दवाखान्याचं खुराडं केलं की हिनं.” पण ते उठून गेले नाहीत. दोघं-तिघं बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी छताचा पंखाही बंद केला. खिडक्या लावल्या. ज्या कूलरसाठी मी दोन उन्हाळे भांडले होते त्याच्याकडे पाठ करून मी दादांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले, कारण त्यांना पुढं बसवून आपण मागं जाणं बरं दिसलं नसतं.

ती दुपार माझ्या मनात अजून पूर्ण संपलेली नाही. हॉलवरचे पत्रे तापून टिकटिक वाजत होते. ताट्यांमधलं पाणी वाळून वाळ्याचा वास आधी दाट झाला आणि मग विरला. ऊन दाराच्या फटीतून एक पट्टी होऊन आत आलं आणि फरशीवरून इतक्या सावकाश सरकत गेलं की ते सरकतंय हे कुणालाच दिसत नव्हतं. लोक बसल्याजागी पेंगायला लागले. दादा डोळे मिटून बोलत होते, कुणाला उद्देशून नाही. सगळा कापूस बाहेरून पांढराच असतो, म्हणाले, पण बोटांत धरला की कुठला सकाळच्या दवात वेचलेला, कुठला भर दुपारी, ते कळतं. दुपारचा कापूस बोलका असतो, ओढला की बारीक आवाज करतो… मी त्या घामात, स्टुलावर बसल्या बसल्या, डोळे मिटले. ड्यूटीवर असताना मी कधी झोपलेली नाही. त्या दिवशी झोपले. सगळीकडे रुई तरंगत होती, खाली पडतच नव्हती, आणि तिच्यातून चालणारी दोन पांढऱ्या केसांची लेकरं मला दिसत होती, एकमेकांचा हात धरून, आणि त्यांच्यावर ऊन पडत नव्हतं. जाग आली तेव्हा गयाबाई दादांच्या पायाशी बसून त्यांच्या बोटांची टोकं चाचपत होती, जसं दळताना पीठ बघतात. “आता तापलाय,” म्हणाली. “चला.”

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी काळं फडकं सोडलं, कागद काढला, मलम पुसलं आणि जांभळा दिवा धरला. अंगठ्याच्या मुळाशी तांबडा निखारा ठेवल्यासारखं काहीतरी लखलखत होतं. मागच्या वेळी धुक्यातली बिडी होती, हा रसरशीत निखारा होता. गयाबाईनं डोळे हाताला जवळजवळ टेकवले. “दादा,” ती कुजबुजली, “तुझ्या हातात दिवा लागलाय रं…” त्यांनीही वाकून पाहिलं. दोन पांढरी डोकी एका लाल ठिपक्यावर टेकलेली, आणि त्या ठिपक्याचा उजेड दोघांच्या पापण्यांवर.

मग लाल प्रकाश. पाऊण मिनिट दादा गप्प होते. मग त्यांच्या कपाळावरची शीर उठली. मग ते ओरडले, असे की बाहेरचे सगळे दचकले. “जळायलंय! गये, हात जळायलाय माझा!”

“ओरड दादा!” ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ओरड, लाजू नको! आजवर ओरडला न्हाईस तितकं ओरड!”

माझा हात आपोआप ओल्या फडक्याकडे गेला. इतक्या वर्षांची सवय, कुणी विव्हळलं की गार काहीतरी ठेवायचं. गयाबाईनं माझं मनगट धरलं. तिला दिसलं नसणार. फडक्यातून पाणी ठिबकलं ते ऐकलं असेल. वेळ संपेपर्यंत तिनं एका हातानं भावाचा खांदा आणि एका हातानं माझं मनगट धरून ठेवलं. बाहेर पाटीलमामांनी विचारलं, “निघालं का गं पिल्लू?” ती म्हणाली, “निघालं मामा. ऐकलं न्हाई का, केवढ्यानं वरडलं!” आणि जाऊन स्वतःच्या हातानं तिनं कूलर सुरू केला.

त्या जागेवर फोड आला, खपली धरली, आणि आषाढ लागता लागता खपली पडली. सर्जनची तारीख आम्ही रद्द केली. सर्जननी नंतर हात पाहिला, अंगठा वळवून घेतला आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले. दर सहा महिन्यांनी दाखवतात. अजून काही नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर कापूस जिनिंगला यायला लागला तेव्हा दादा एक पुंजका खिशात घालून दवाखान्यात आले, माझ्या टेबलावर ठेवला, आणि डोळे मिटून ओढून दाखवला. धागा लांब निघाला. “देवगाव फाट्याकडचा,” म्हणाले. खरा-खोटा मला काय कळणार. मी विश्वास ठेवला.

हिवाळ्यात डॉक्टरांच्या मित्राकडून दुसरी बाटली आली आणि आमच्या लक्षात आलं की आता अडचण उलटी आहे. हॉल गारठलेला, पेशंटचे हात सकाळच्या गाडीनं काकडून आलेले, आणि एक स्टोव्ह किती जणांना पुरणार. गयाबाईच्या कानावर आणि गालावर नवे चट्टे आले होते म्हणून ती आली होती. तिनं पाहिलं, ऐकलं. पुढच्या खेपेला एक गाठोडं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या तळहाताएवढ्या पिशव्या, आत जिनिंगमधली सरकी भरलेली. “गच्चीवर उन्हात टाका बाई. तासाभरात तापतेत. कानाला लावा, हाताला लावा. सरकी ऊब सोडत न्हाई जल्दी.” मी मोजल्या. सात होत्या. टाके मोठे मोठे, वाकडे, एक इथं तर दुसरा अर्ध्या बोटावर. “डोळं कापडाला टेकवून शिवल्यात,” म्हणाली, “हसू नका.” मी हसले नाही. दोन हिवाळे त्या पिशव्या रोज सकाळी मागच्या खोल्यांवरच्या गच्चीवर जायच्या आणि गरम होऊन खाली यायच्या, आणि माझ्या यादीत ते काम पहिल्या नंबरावर आलं. तिला ते सांगितलं होतं. “बघा,” म्हणाली, “आले का न्हाई वर!” या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिचे डोळे जरा पिवळट वाटले होते. रक्त तपासून घ्या, असं मी चिठ्ठीवर लिहून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. ते मी तोंडानं सांगायला हवं होतं, दोनदा, तीनदा. चिठ्ठी लिहिली की काम झालं असं मला नेहमीच वाटत आलं आहे.

पोस्टकार्डानंतर तीन आठवड्यांनी दादा आले. एकटे. जीपच्या मागच्या फळीवर बसून आल्यामुळे बोटं ताठरलेली. पुढच्याच खुर्चीत बसले. मी नेहमी करते ते केलं. गच्चीवरून आणलेली एक पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली. मग अंगठा टाक्यांवरून फिरायला लागला, एकेक टाका, सावकाश, कापूस ओढतात तसा. मध्येच थांबला. “हितं तिला कुनीतरी हाक मारली बघा,” ते म्हणाले. “उठून गेली. मग परत आल्यावर दुसऱ्या दोऱ्यानं शिवलंय.” मी वाकून पाहिलं. तिथवर दोरा काळा होता, पुढं निळा. दोन हिवाळे रोज त्या पिशव्या मी मोजत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

“बाई, ही मी नेऊ का?”

“न्या दादा.”

पिशवी छातीशी धरून ते दारापर्यंत गेले. दाराशी बाकावर लांबून आलेली एक भुरी म्हातारी बसली होती, हाताला काळं फडकं बांधून, तिची वेळ व्हायची वाट बघत. दादांचा पाय बाकाला लागला. ते थांबले, वाकले, आणि चाचपत त्यांनी तिच्या बांधलेल्या हाताची गार बोटं धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग पिशवी त्या हातावर ठेवली आणि वरून तिचाच दुसरा हात आणून तिला ती झाकायला लावली.

“धरा मावशी,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीची हाय. गरम हाय तवर धरा.”